दोनशे चाळीस जणांसाठी स्लॉपी जो

खिमा : पंचेचाळीस पौंड

"पंचेचाळीस भागिले अठ्ठेचाळीस," लव्हॉन म्हणाली आणि तिने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "हे असं कुठल्या शहाण्यानं लिहून ठेवलंय?"

"तूच," बैठकीच्या खोलीतून व्हर्लिन म्हणाला.

"मी दोनशे चाळीस पोरांसाठी लिहिलं होतं. आज पाचच माणसं जेवणारेत हे कार्डाला कुठे माहितीय?"

"मग उरलेल्या दोनशे पस्तिसांना पण बोलव. रविवार आहे. मोकळेच असतील सगळे."

त्याचा आवाज आता तेल न घातलेल्या बिजागरीसारखा येई, आणि एक वाक्य झालं की पुढच्या वाक्यासाठी त्याला थांबावं लागे. हाच माणूस बत्तीस वर्षं दर मंगळवारी गुरांच्या बाजारात माचावर उभा राहून लिलाव पुकारत होता. एका श्वासात पंधरा-पंधरा बोल्या. आपण बैल घेतला हे घेणाऱ्याला घरी पोचल्यावर कळायचं, असं गावात म्हणत.

आणि लव्हॉन वेस्टरबर्ग गावातल्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. एका बुधवाराआड स्लॉपी जो. गोडसर लाल रश्श्यात शिजवलेला बीफचा मोकळा खिमा गोल पावात भरायचा, बाजूला मक्याचे दाणे, अर्धं पेअर. ओळीतली पोरं डाव्या खिडकीने येत आणि उजव्या दाराने जात. खिमा वाढायचा तो करड्या मुठीच्या गोल पळीने. एक पळी, एक पोर. निवृत्त होताना ती पळी तिने न विचारता घरी आणली होती. तेवढी एकच चोरी.

घरी मात्र तिने हा पदार्थ कधीच केला नव्हता. दोनशे चाळीस जणांना वाढून आल्यावर केसांतला तोच वास पुन्हा चुलीवर कोण चढवणार? व्हर्लिन ते बाजारातल्या कँटीनमध्ये खाई आणि वर तिला ऐकवी, "तुझ्या शाळेपेक्षा आमच्या गोठ्यातलं भारी."

मग गेला गुरुवार उजाडला. शहरातल्या दवाखान्यात मिस वॉलेस नावाच्या गिळणं शिकवणाऱ्या थेरपिस्टने क्ष-किरणाच्या पडद्यावर व्हर्लिनचा घसा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "मिस्टर ब्रॉकमन, बारीक, मऊ आणि ओलं असेल तर आता तोंडाने खाऊन बघू या. पहिल्यांदा काय खायचंय?"

लव्हॉनला वाटलं, तो आइस्क्रीम म्हणेल.

"हिचं बुधवारचं," व्हर्लिन म्हणाला. "गावात पंचेचाळिशीच्या आतल्या प्रत्येकानं ते खाल्लंय. मी सोडून."

कांदे, बारीक चिरून : सहा पौंड

घशाच्या गाठीवर किरणांचे उपचार झाले ते गेल्या वर्षीच्या जानेवारीत. गाठ गेली. त्याबद्दल लव्हॉन रोज देवाचे आभार मानी, अगदी मनापासून. पण गाठीबरोबर गिळणंही गेलं. पोटात नळी बसवली. दिवसातून चार वेळा व्हर्लिन आपल्या आरामखुर्चीत बसे, शर्टाचं खालचं बटण काढी, आणि ती मोठ्या सिरिंजने नळीत दुधासारखं औषधी अन्न सोडी. चौदा महिने.

या चौदा महिन्यांत जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नाही. त्यावर औषधांची खोकी, जुनी वर्तमानपत्रं आणि एकटी मिरपुडीची कुपी. डुकराच्या आकाराची होती ती. जावई कर्टच्या पशुखाद्याच्या कंपनीने नाताळात वाटलेल्या जोडीतली.

मग लव्हॉन कुठे जेवायची? कपडे धुण्याच्या खोलीत. दार लोटून, घडीची खुर्ची मशीनसमोर ओढून, ताटली मशीनच्या झाकणावर ठेवून. संध्याकाळी सहाला, व्हर्लिन हवामानाच्या बातम्या बघत असताना. वासाचं काही नको म्हणून गार जेवायची. आवाजाचं काही नको म्हणून मऊ जेवायची. टोस्ट नाही, बटाट्याचे वेफर्स नाहीत, सेलरी नाही. आंबवलेल्या काकड्या म्हणजे तिचा जीव की प्राण. बाटलीतून काढून उभ्या-उभ्या खाणारी बाई ती. चौदा महिन्यांत एक काकडी खाल्ली नव्हती. ज्याला पाण्याचा घोट गिळता येत नाही त्याच्या घरात आपण कुरुमकुरुम काय करायचं?

व्हर्लिनला यातलं काही माहीत नव्हतं. तो कधी विचारत नसे, ती कधी सांगत नसे. आणि हल्ली त्याला ऐकूही कमी येऊ लागलं होतं. सहा वाजले की टीव्ही असा काही मोठा करी की खिडक्या थरथरत.

कांदे चिरताना डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यांचंच होतं. भीती मात्र जुनी होती. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला मुलीच्या घरी, सगळ्यांच्या आग्रहाखातर व्हर्लिनने दोन चमचे कुस्करलेला बटाटा खाल्ला होता. तो श्वासनळीत गेला. न्यूमोनिया झाला. नऊ दिवस इस्पितळ. तेव्हापासून मुलगी जॅनेल चमचा पाहिला तरी दचकत असे.

"एकदा अजून असं झालं तर ही नळी कायमची," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते.

आज रविवार. साडेचारला सगळे यायचे होते, पाचला जेवण.

व्हिनेगर : तीन कप

हे गणित मात्र झकास जमलं. तीन कप म्हणजे अठ्ठेचाळीस मोठे चमचे, भागिले अठ्ठेचाळीस, म्हणजे एक चमचा. कर्ट तीन पाव खातो, म्हणून सगळंच दुप्पट. दोन चमचे. पण त्याआधी व्हर्लिनचा वाटा बाजूला काढायचा होता. किरणांनी भाजून निघालेल्या त्याच्या तोंडाला व्हिनेगरचा थेंब म्हणजे जळता निखारा. मिस वॉलेसने तीनदा बजावलं होतं : आंबट नाही, तिखट नाही, मोहरी नाही.

कढईत खिमा तांबूस होत आला. कांदे पडले. समोरच्या घरातून व्हर्लिनची थोरली बहीण अर्डिस वेळेच्या पाऊण तास आधी, बूट न पुसता, हातात हिरव्या जेलोचा, म्हणजे जेलीचा, वाडगा घेऊन आत आली.

"टीव्ही बंद कसा?" अर्डिस म्हणाली. "मला वाटलं मेला की काय हा."

"वन्सं, तो तुमच्या मागेच बसलाय."

"बसू दे. रोज सहाला याचा टीव्ही मला माझ्या घरात ऐकू येतो. मी माझा लावतच नाही आता. ढग कुठून येतायत ते इथूनच कळतं."

"फुकट ऐकतेस," व्हर्लिन म्हणाला.

"एक्क्याऐंशीची झाले, आता काय विकत ऐकू? लव्हॉन, हा जेलो फ्रीजमध्ये ठेव. यात गाजर किसून घातलंय. तुझ्यासारखं मार्शमेलो नाही घालत मी, जेवणात मिठाई कसली."

लव्हॉनने डाव्या हाताने वाडगा घेतला. उजवा हात कपाटाकडे गेला. तोंड अर्डिसशी बोलत होतं, "बसा ना वन्सं, कॉफी देऊ का," आणि उजव्या हाताने एकतीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. शाळेत व्हिनेगर मोजत नसत. मोठा कॅन उचलून कढईवर तिरका धरायचा आणि आठ आकडे म्हणायचे. एक, दोन, तीन, चार.

हात आठपर्यंत पोचला तेव्हा लव्हॉनला जाग आली.

कढईतून आलेला वाफारा सरळ डोळ्यांत गेला.

(कार्डावर इथे डाग आहे. पुढचे शब्द वाचता येत नाहीत.)

सगळं कढईत होतं. त्याचंही.

गरम पाणी : लागेल तेवढं

हे कार्डावर नव्हतंच. हे शाळेच्या भिंतीवर चिकटवलेल्या सरकारी पत्रकात होतं.

वाणसामानाचं दुकान रविवारी दुपारी बंद होत असे. फ्रीजरमध्ये डुकराचे तुकडे होते, दगडासारखे. लव्हॉन कढईकडे बघत उभी राहिली. व्हर्लिन सकाळी सातला उठला होता. दाढी केली होती. निळा चौकड्यांचा शर्ट घातला होता, तो लिलावाचा, गळ्यापाशी आता दोन बोटं जातील इतका ढिला. जेवणाच्या टेबलावरचा पसारा त्याने स्वतः आवरला होता, एकेक खोकं करत, मध्ये बसून दम खात.

आज जमलं नाही, पुढच्या रविवारी करू, असं त्याला कुणी सांगायचं?

"काय झालं?" अर्डिस म्हणाली. ही बाई कानाने नाही, पाठीने ऐकते.

"व्हिनेगर."

"किती?"

"आठ आकडे."

अर्डिसने कढईत डोकावून नाक मुरडलं. "यात आता काकड्या घातल्या तर मुरतील."

आणि मग लव्हॉनला ते पत्रक आठवलं. कुठल्याशा वर्षी वरून हुकूम आला होता : मुलांच्या पोटात चरबी कमी जावी म्हणून शिजवलेला खिमा चाळणीत घालून गरम पाण्याने धुवावा. धुवावा! मांस! स्वयंपाकघरातल्या चौघीजणींनी तेव्हा वरच्या साहेबांच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. पंचेचाळीस पौंड खिमा, बाथटबएवढ्या सिंकमध्ये, दर खेपेला. वाफेने चष्मे धुरकट. लव्हॉनने तर निरोपाच्या भाषणात त्यावर विनोदही केला होता.

तिने किटली चढवली. चाळणी काढली.

"काय करतेस?"

"धुतेय."

"मांस?"

"हो."

"मग वाळत पण घाल," अर्डिस म्हणाली. "इस्त्री मी करते."

पण बोलता-बोलता तिने बाह्या सरसावल्या आणि दुसरी किटली उचलली. नणंद-भावजय सिंकपाशी उभ्या राहिल्या. एक ओतत होती, एक हलवत होती. पहिलं पाणी लालसर गेलं, दुसरं गढूळ, तिसरं जवळजवळ स्वच्छ. लव्हॉनने दोन दाणे जिभेवर ठेवले. व्हिनेगर नाही. मीठ नाही. कांदा नाही. मांसही फारसं नाही.

"कापूस झालाय," अर्डिस चाखून म्हणाली.

"कापूस चालेल. विस्तव नको."

त्या नाव माहीत नसलेल्या साहेबाला लव्हॉनने मनातल्या मनात पहिल्यांदाच आशीर्वाद दिला.

दात पडलेल्यांसाठी

हेही कार्डावर नाही. हे कुठेच लिहिलेलं नाही.

पहिलीतल्या पोरांचे पुढचे दात एकाच मोसमात पडतात. पाव चावता येत नाही. पोरं लाजतात, ताट तसंच परत करतात. म्हणून लव्हॉन दर खेपेला आठ-दहा ताटं वेगळी लावायची. पावाचा फक्त खालचा अर्धा, त्यावर रस्सा, त्यावर खिमा, वर झाकण आणि दहा मिनिटं वाफ. पाव इतका भिजायचा की चमच्याने तुटायचा. ताट देताना मोठ्याने बोलायचं नाही. नुसतं सरकवायचं. "आज हे ताट तुझं." शेजारच्या पोरालाही कळता कामा नये.

"पूर्ण भिजलेला पाव चालेल का?" गुरुवारी तिने मिस वॉलेसला विचारलं होतं.

"कोरडा पाव सगळ्यात वाईट. पण चमच्याने आपोआप तुटत असेल तर चालेल. तुम्हाला येईल तसा?"

"येईल," लव्हॉन म्हणाली होती.

तिने एक छोटं पातेलं घेतलं. धुतलेला खिमा, गाजराचा उकडून केलेला गोळा, कोंबडीचं मिठाशिवायचं सार, लोणी, तपकिरी साखर, रंगापुरता चमचाभर केचप. बटाटे कुस्करायच्या दांड्याने ती खिमा रगडत राहिली. मग काटा उलटा धरून दाबून पाहिला. काट्याच्या दातांमधून निघेल एवढाच बारीक हवा, ही मिस वॉलेसची मोजपट्टी. नाही निघाला. पुन्हा रगडला. निघाला.

उरलेल्या चौघांच्या कढईत कांदे पुन्हा पडले, मग केचप, मोहरी. व्हिनेगर नाही पडलं. बाटली अर्डिसने उचलून मागच्या दाराबाहेर बर्फात ठेवली होती.

पाच ताटं

जॅनेल आली ती थेट बापाच्या चेहऱ्याकडे बघत आली. कर्टने बुटांना लागलेला मार्चचा चिखल दाराशी खरवडला.

"बाबा, नक्की ना?" जॅनेल म्हणाली. "आपण अजून एक महिना थांबू शकतो. घाई नाहीये काही."

"मला आहे."

"नोव्हेंबरमध्ये पण तुम्ही असंच—"

"जॅनेल," कर्ट म्हणाला, "बस गं. सासूबाई, वास काय सुटलाय! मी तिसरीत असताना या वासानं गणिताचा तास बुडायचा."

टेबलाच्या टोकाला व्हर्लिन बसला. चौदा महिन्यांनी त्या खुर्चीवर माणूस बसला. समोर ताटं आली, वेफर्सची पिशवी, काकड्यांची बाटली, हिरवा थरथरता जेलो. लव्हॉनने करड्या मुठीच्या पळीने एक गोळा उचलला आणि पाचवं ताट काही न बोलता त्याच्यासमोर सरकवलं.

त्याने ताटाकडे पाहिलं. मग हात जोडले.

लग्नापासून या घरात जेवणाआधीची प्रार्थना व्हर्लिनच म्हणे, आणि ती लिलावासारखी म्हणे. देवाला बोली लावायलाही सवड मिळत नसे. ब्रॉकमनांकडे "आमेन" हा प्रार्थनेतला दुसरा शब्द आहे, असं कर्ट म्हणायचा. नळी बसल्यावर प्रार्थना बंद झाली. सिरिंजमधल्या दुधासाठी टेबलाभोवती कोण जमणार?

आज तो एकेक शब्द उचलून ठेवत गेला. मध्ये थांबत, श्वास घेत. या अन्नासाठी. या हातांसाठी. या माणसांसाठी. चव्वेचाळीस वर्षांत लव्हॉनला ती प्रार्थना पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आली. चांगली होती.

"आमेन," सगळे म्हणाले. आणि कुणीही खायला सुरुवात केली नाही.

"माझ्याकडे काय बघताय?" व्हर्लिन म्हणाला. "मी काय विकायला काढलेला बैल आहे? जेवा."

तिघांनी घाईघाईने पाव उचलले. लव्हॉन उभीच राहिली, त्याच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला, पळी हातात घेऊन.

त्याने चमच्याचं टोक बुडवलं. भिजलेला पाव आपोआप तुटला. चमचा तोंडात गेला. मग जसं शिकवलं होतं तसं : हनुवटी छातीला. गिळ. पुन्हा गिळ. आता आवाज. प्रत्येक घासानंतर मोठ्याने काहीतरी बोलायचं. आवाज स्वच्छ तर वाट स्वच्छ. आवाज गुळगुळला तर थांबायचं.

स्वयंपाकघरात फ्रीजची घरघर तेवढी.

"पाच," व्हर्लिन म्हणाला. "पाचला पाच."

कोरडा, खरखरीत, स्वच्छ आवाज.

दुसरा घास. हनुवटी. गिळ. पुन्हा गिळ. "पाचाला दहा. दहा कोण म्हणतंय?"

"दहा," कर्ट म्हणाला, तोंड भरलेलं असताना.

तिसरा घास घेतला आणि व्हर्लिनला खोकला आला.

जॅनेलची खुर्ची मागे सरकली. अर्डिसने डोळे मिटले. लव्हॉनच्या हातातली पळी टेबलाच्या कडेला आपटून वाजली. व्हर्लिनचा चेहरा लाल झाला, मान खाली गेली, खांदे हलले. पण खाली गेलेल्या डोक्याच्या वर त्याने उजव्या हाताचं एक बोट उभं धरलं होतं. माचावर धरायचा तसं. थांबा. व्यवहार अजून तुटलेला नाही.

एकदा खोकला. दोनदा. गिळलं. पुन्हा गिळलं.

सगळ्या बाजारात शांतता.

"दहाला पंधरा," तो म्हणाला. आणि मग, अडखळत, एकेक आकडा ठेचकाळत, पण तोच जुना ताल धरून, "पंधरा, पंधराला वीस, वीस कोण देतंय, त्या मागच्या म्हातारीनं नाक खाजवलं, वीस झाले!"

"मेल्या!" अर्डिस म्हणाली आणि हातरुमालाने खरंच नाक पुसू लागली.

जॅनेल हसत होती आणि रडत होती. कर्टने दुसरा पाव घेतला. व्हर्लिन खात राहिला. चमचा, हनुवटी, गिळ, गिळ, आकडा. लव्हॉन ओळ मोजत असे तसे घास मोजत होती. सहा. सात. आठ.

"कसं झालंय?" तिने नवव्याला विचारलं.

त्याने जीभ टाळूवर फिरवली. किरणांनी त्याच्या जिभेची निम्मीशिम्मी चव नेली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"गोठ्यातल्यापेक्षा भारी," तो म्हणाला.

मीठ : चवीप्रमाणे

"खरं सांगू का?" कर्ट म्हणाला. "रागावू नका सासूबाई. पण शाळेत याला जरा जास्त चव होती."

"धुतलंय ते," अर्डिस म्हणाली.

"काय धुतलंय?"

"खा मुकाट्यानं."

"मीठ तरी द्या कुणी." कर्टने टेबलावर नजर फिरवली. "हे मिरपुडीचं डुक्कर इथे आहे. दुसरं कुठाय? मिठाचं?"

लव्हॉनच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं. "मी आणते," ती म्हणाली, "ते मी... पलीकडे कुठेतरी..."

"मशीनवर आहे," व्हर्लिन म्हणाला.

तो ताटातच बघत होता.

"कपडे धुण्याच्या खोलीत. मशीनवर, डाव्या हाताला. साबणाच्या डब्यामागे. खुर्चीला अडखळू नको कर्ट, दारामागे उघडीच असते."

कर्ट उठला, कारण मीठ त्यानेच मागितलं होतं. आतून खुर्चीला काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"तुला माहीत होतं," लव्हॉन म्हणाली.

"नाकानं मी आंधळा नाहीये, लव्ही. उकडलेलं अंडं गार असलं तरी अंडंच असतं."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून." त्याने दम घेतला. "मला ऐकू येऊ नये म्हणून तू दार लावायचीस. मग मला ऐकू येत नाही असं तुला वाटू द्यायला नको? म्हणून टीव्ही मोठा करायचो."

"मला वाटलं तू बहिरा झालायस."

"होईन आता. चौदा महिने हवामान ऐकलंय. ढग पाठ झालेत."

"आणि मला!" अर्डिस म्हणाली. "माझा काय दोष होता?"

कर्टने मिठाचं डुक्कर आणून मिरपुडीच्या डुकराशेजारी ठेवलं. डुकराच्या डोक्यावर साबणाची पूड सांडली होती. जॅनेलने ती नखाने काढली. बराच वेळ लागला तिला.

एका जणासाठी

साडेपाचला कर्टने दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली, म्हणजे निघायची वेळ झाली. मग दाराशी वीस मिनिटं, मग गाडीपाशी दहा. जॅनेलने बापाला इतकी घट्ट मिठी मारली की तो म्हणाला, "नळी, नळी." अर्डिस उरलेला जेलो तिथेच ठेवून गेली आणि वाडगा उद्या धुऊन पाठव म्हणाली. मिस वॉलेसला सांगायचा आकडा लव्हॉनने कार्डाच्या मागे लिहिला : बारा घास. असे तीन आठवडे गेले आणि वजन उतरलं नाही, तर नळी काढायचं ठरलं होतं. शिवाय रात्रीची सिरिंज द्यायची होतीच. बारा घासांनी पोट भरत नाही.

ती आत आली तेव्हा सहा वाजले होते. व्हर्लिन अजून टेबलाशीच होता. टीव्ही बंद होता.

"हवामान?" ती म्हणाली.

"जे असेल ते असेल."

तिचं स्वतःचं ताट तसंच होतं. पूर्ण वेळ ती उभी होती, हे आता तिच्या टाचांना कळलं. पाव गार झाला होता, खालचा भाग रश्श्याने फुटला होता. तिने ताट उचललं. सवयीने दोन पावलं आतल्या दाराकडे गेली.

व्हर्लिनने पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली.

ती बसली. गार खिम्याचा घास घेतला. धुतलेला होता, चव नव्हती. वर मीठ घातलं, दुसरा घास घेतला. खिडकीबाहेर अर्डिसच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. आपल्या घरात एवढी शांतता असते हे लव्हॉनला आठवत नव्हतं. स्वतःचं चावणं तिला कानांत ऐकू येत होतं, आणि त्यालाही येत असणार. ती थांबली.

त्याने काकड्यांची बाटली जवळ ओढली. झाकण घट्ट होतं. एकदा फिरवलं, फिरलं नाही. हात शर्टाला पुसून पुन्हा फिरवलं, आणि ते निघालं. बाटली त्याने तिच्यासमोर सरकवली.

लव्हॉनने त्यातली सगळ्यात लांब काकडी काढली. पाणी निथळू दिलं. त्याच्याकडे एकदा पाहिलं.

मग चावली.